मधला मोकळा दिवस

दत्तोबाच्या नातीचं जावळ काढलं, त्या वर्षीचा भाद्रपद. गणपती उठले होते, पितरांचे दिवस चालू होते. दत्तोबा आणि त्याची बायको रेणुका सकाळीच वराळ्याहून तळेगाव स्टेशनला निघाली, तेव्हा भावजय विठाबाई दारात आडवी आली.

"भावजी, पितरांच्या दिवसांत कुणी फिरायला जातं व्हय?"

"पितरं आपल्याकडं आल्यात. आमी गेलो तर त्यांनाबी घर मोकळं," दत्तोबा म्हणाला आणि काठी टेकत रिक्षात बसला.

दिवसाआड त्याचं डायलिसिस असे. करून आला की तो अंथरूण धरी. मधल्या मोकळ्या दिवशी जरा माणसात येई. दिवाळीपर्यंतच धरा, असं डॉक्टरांनी त्याच्या मुलाला, सोपानला, बाजूला घेऊन सांगितलं होतं. ते घरात सगळ्यांना कळलं होतं, दत्तोबालाही.

म्हणून एकाच दिवसात दोन्ही बसवायचं होतं. त्याला कार्ल्याची एकवीरा आणि लेणी पाहायची होती. तिला भुशी धरण. तिथल्या पायऱ्यांवरून पाणी वाहतं आणि माणसं त्यात बसतात, हे ती लग्न होऊन आल्यापासून ऐकत होती. आजवर लोणावळ्याला ती फक्त दवाखान्यापुरती आणि लग्नापुरती गेली होती. "पाय सोडून बसायचं वाईच. दुसरं काय न्हाई," ती लेकाला म्हणाली होती.

सोपानने गाड्या पाहून दिल्या होत्या. सकाळच्या लोकलने मळवली, तिथून कार्ला. दुपारच्या आधीची शेवटची लोकल धरून लोणावळा. ती चुकली तर दिवस कलेपर्यंत गाडी नाही, आणि संध्याकाळी धरणावर कुणाला जाऊ देत नाहीत.

कार्ल्याच्या पायऱ्या दत्तोबा बसत उठत चढला. देवीला गर्दी नव्हती. दर्शन लगेच झालं. मग दोघं शेजारच्या लेण्यात गेली.

आत गार होतं. दत्तोबा एका खांबाला टेकून खाली बसला आणि मान वर करून पाहत राहिला. छताला लाकडाच्या कमानी होत्या.

"दोन हजार वर्सांचं लाकूड म्हनं हे," तो म्हणाला. "वाळवीबी लागली न्हाई. आन मी बघ."

थोड्या वेळाने रेणुकाने पाहिलं, तर त्याचा डोळा लागला होता. आजारात अंगाला खाज सुटे, रात्ररात्र तो अंथरुणात बसून राही. इथं हात मांडीवर ठेवून तो लेकरासारखा झोपला होता.

राखणदार आला. "आबा, हितं झोपायचं न्हाई."

"राहू द्या भाऊ," रेणुका हळू म्हणाली. "लय दिसांनी झोपल्यात."

राखणदार निघून गेला. रेणुकाने पिशवीतला मोबाईल काढून वेळ पाहिली. मोबाईल परत पिशवीत ठेवला आणि ती त्याच्याजवळ बसून राहिली.

दोघं मळवलीला आली तेव्हा गाडी कधीच गेली होती. फलाटावर दोघंच बाकावर बसली. दत्तोबाला दिवसभरात एकच बाटली पाणी पिता येई, डॉक्टरांनी मापून दिलेलं. रेणुका त्याच्यापुढं पाणी पीत नसे. बराच वेळ गेल्यावर ती उठून नळावर गेली आणि पाठ करून ओंजळीने प्यायली.

"समोर पी की," तो मागून ओरडला. "मी काय नजर लावतोय व्हय?"

"तुमची नजर लय वाईट हाय. सोपानच्या आईला विचारा."

तो हसला. हसता हसता त्याला धाप लागली.

ऊन उतरलं तशी लोणावळ्याची लोकल आली. दारात पोरंपोरी उभी होती, हातात टॉवेल, कपड्यांच्या पिशव्या.

दत्तोबा काठीवर उठला. "चल, चढ. उभ्या उभ्या पाय बुडवून येऊ."

रेणुकाने त्याच्या पायांकडं पाहिलं. ते इतके सुजले होते, की चपलेचा पट्टा टाचेवर चढत नव्हता. ती बाकावरून हलली नाही.

"उद्या सकाळी पहिला नंबर हाय तुमचा. बसा खाली."

"आन तुझं?"

"तुमचं झालं न्हवं? मी काय, मी कवाबी जाईन."

"मावशी, चढायचंय का?" दारातल्या एका पोराने विचारलं.

"न्हाई रे बाबा. आमचं झालं फिरून."

गाडी हलली. पोरं शिट्ट्या मारत गेली. दत्तोबा उभाच होता. गाडी दिसेनाशी झाल्यावर तो खाली बसला आणि म्हणाला, "मी झोपलो तवा उठवायचं व्हतं मला."

"उठवलं की. तुमीच उठला न्हाई," रेणुका म्हणाली.

पुण्याकडची गाडी आली. दोघं तळेगावला उतरली. घरी पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. विठाबाई ओट्यावरच बसली होती.

"काय, झाली का दोन्ही ठिकाणं?"

दत्तोबाने तोंड उघडलं, तोच रेणुका म्हणाली, "झाली. पाणी लय गार व्हतं." आणि ती त्याच्या पायांसाठी पाणी तापवायला आत गेली.

दत्तोबाने ती दिवाळी काढली, पुढचीही काढली. रेणुका मळवलीहून आल्यावर महिन्याभरातच, कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, दळण निवडता निवडता बसल्या जागी गेली.