सोमवारचे गुन्हे

"बोला काका, या आठवड्यात काय काय गुन्हे केलेत?"

तिने हेडफोन कानावर नीट बसवला. फोनवर कुणाला काही दिसत नसलं, तरी सोमवारी ती केस विंचरून, इस्त्रीचे कपडे घालूनच टेबलाशी बसायची.

"गुन्हा एकच," पलीकडून काका म्हणाले. "पण मोठा आहे. जॅमची बाटली."

"पावाला लावून?"

"पाव कशाला मध्ये लुडबुडायला? चमच्याने. फ्रीजचं दार उघडं टाकून, उभ्या उभ्या. मांजर डोळे मिटून दूध पितं ना, तसा मी डोळे मिटून जॅम खाल्ला."

"किती उरलाय?"

"बाटली धुऊन ठेवलीय."

"काका! लहान आहात का तुम्ही? डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? डोळे जातील, पाय जातील, मग बसा बाटल्या धूत!"

काका खुशीत हसले.

त्यांनी उभा जन्म बस चालवली होती. बायको गेल्यावर घरात एकटेच उरले. रक्तात साखर निघाली तेव्हा त्यांनी मधुमेह सल्ला केंद्रात नाव नोंदवलं, आणि तेव्हापासून दर सोमवारी सकाळी तिचा फोन जायचा. रुग्णावर रागवायचं नाही, असं केंद्रात शिकवलं होतं. समजून घ्यायचं, पर्याय सुचवायचा. पण बाकीचे रुग्ण "हो", "बरं", "ठेवू का" यातच आटपायचे. काका मात्र सगळं कबूल करायचे. चहात बुडवलेली क्रीमची बिस्किटं. शेजाऱ्यांच्या केकवरचं साखरेचं फूल, जे त्यांनी पाहुण्यांच्या देखत खिशात घातलं होतं. अशा माणसाला नुसते पर्याय कसे सुचवणार?

"आज फार गलका आहे तुमच्याकडे," काका म्हणाले.

"सोमवार ना." तिने शेजारची खिडकी आणखी थोडी उघडली. रस्त्यावरचे हॉर्न आत आले.

"मी एवढं सगळं ओकतो तुमच्यापुढे. तुमचं काही नाही का? एखादं व्यसन?"

स्वतःबद्दल बोलायचं नाही, हेही शिकवलं होतं.

"आहे एक," ती म्हणाली. "हसू नका. दुकानात मी सगळ्यात लांब रांगेत उभी राहते. मुद्दाम. हातात एखादा साबण असतो, बस्स. पुढचे मागचे बोलत असतात. कुणीतरी विचारतं, 'ही रांग इथूनच ना?' मी म्हणते, 'हो, इथूनच.' नंबर जवळ आला की काहीतरी विसरल्यासारखं करायचं आणि पुन्हा मागे जायचं."

काका हसले नाहीत. म्हणाले, "मग आमच्या बसस्टॉपवर यायचं होतंत. फुकटात पाहिजे तेवढी रांग मिळाली असती."

तिला हसू फुटलं. मग लगेच आठवलं की आज विचारायला हवं. तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट आला असणार. तो चांगला निघाला की फोन थांबवायचे, असा नियम होता. आजवर तो कधी चांगला आला नव्हता. तो वाईट यावा असं तिच्या मनात येई, आणि मग स्वतःचीच शरम वाटे.

"रिपोर्ट आला का, काका?"

"आलाय. चष्मा सापडत नाहीये."

"डोक्यावर असेल."

पलीकडे कागद उलगडल्याचा आवाज आला. मग त्यांनी आकडा वाचला. हळूच, चुगली केल्यासारखा.

तिने तो पुन्हा वाचायला लावला. ठणठणीत माणसाचा आकडा होता. रक्तातल्या लाल पेशी तीन-चार महिने जगतात आणि त्या काळातली साखर अंगाला चिकटवून घेतात. माणूस काहीही सांगो, त्या खरं तेच सांगतात.

"काका, जॅम खाऊन हा आकडा येत नाही."

"गोळ्या घेतो ना वेळेवर."

"गोळ्यांनीही येत नाही. बाटली धुऊन ठेवणाऱ्याचा तर नाहीच नाही."

काकांनी खाकरून घसा साफ केला. "जॅम मला आवडतच नाही, ताई. दाताला चिकटतो."

"आणि बिस्किटं?"

"दारात विकायला आली तरी घेत नाही."

"केकवरचं फूल?"

"ते खरं होतं. पण खाल्लं नाही. खिशाला मुंग्या लागल्या."

"अहो, पण मग एवढं खोटं कशासाठी? आणि मागचे रिपोर्ट?"

"तेही मनाचेच आकडे. आज मात्र जीभ वळेना. तुम्ही ते रांगेचं खरं सांगितलंत ना. आणि नीट वागणाऱ्याला कोण फोन करतं, ताई?"

खाली कुणीतरी एकसारखा हॉर्न वाजवत होतं. तिने खिडकी लावून घेतली. पुढचं वाक्य तिला पाठ होतं. या एका फोनवर ते म्हणायची वेळ येऊ नये, एवढंच तिला वाटत आलं होतं. पण केंद्रातल्या बाईने दुसरं काय म्हणायचं?

"अभिनंदन, काका," ती म्हणाली. आवाज तिने जमेल तेवढा सरळ ठेवला. "तुमची साखर आटोक्यात आली आहे. नियमाप्रमाणे केंद्राकडून हा तुमचा शेवटचा फोन."

"नियमाचं राहू द्या, ताई," काका म्हणाले. "मागच्या वर्षी तुमचा नंबर बदलला, तेव्हाच मी केंद्रात विचारलं होतं. ते म्हणाले, हे फोन बंद केलेत आणि तुम्हालाही कामावरून कमी केलंय. तेव्हा सांगा, पुढच्या सोमवारी मी काय खाल्लेलं असू दे?"