आकृती तीन

"लेखी काही आहे का?" परीक्षकांनी तिसऱ्यांदा विचारलं.

सिस्टर खुर्चीत ताठ बसल्या होत्या. एकोणीस वर्षं पुरुषांच्या वॉर्डात काढलेल्या बाईची पाठ अशी सहजासहजी वाकत नाही. समोर पेटंट कार्यालयाचे परीक्षक, फायलींच्या गठ्ठ्यामागे अर्धे झाकलेले. बाजूला कंपनीचा वकील, पेनाचं टोपण उघडत आणि लावत. लघवीच्या नळीच्या एका नव्या रचनेचं पेटंट कंपनीने मागितलं होतं आणि सिस्टरांनी एकटीने त्याला हरकत घेतली होती. शहाण्याने असल्या पायऱ्या चढू नयेत, असं जाऊबाईंनी सकाळीच ऐकवलं होतं.

"लेखी कुठून आणू साहेब? वॉर्डाच्या तक्त्यात लघवी किती झाली ते लिहितात. दोरा कुणी बांधला याला रकाना नाही."

त्यांनी पर्समधून नळी काढली, मागोमाग शिवणाच्या दोऱ्याचं रीळ काढलं. "नळीचं आतलं टोक मूत्राशयात एका छोट्या फुग्यावर अडकलेलं असतं. पेशंट झोपेत उठला की नळी ओढली जाते, फुगाही ओढला जातो, आणि मग रक्त. म्हणून मी मांडीवर नळीचा एक वळसा घेते आणि एकपदरी दोऱ्याने बांधते. ओढ बसली की आधी दोरा तुटतो, वळसा सुटतो. आतल्या फुग्याला पत्तासुद्धा लागत नाही."

"आमच्या रचनेत दोरा नाहीच," वकील म्हणाला. "ठरावीक ताणाला तुटणारा पट्टा आहे."

"हो, आणि तो आमच्या वॉर्डाला परवडत नाही."

"तो वेगळा विषय झाला, मॅडम."

"वेगळा कसा? पेटंट हातात पडायच्या आधीच तुमचं पत्र आलं रुग्णालयात. दोरा बांधाल तर याद राखा म्हणून. आमचे वरचे साहेब घाबरले, दोरा बंद केला. गेल्या आठवड्यात अकरा नंबरचे आजोबा झोपेत उठून चालायला लागले. चादर बघायला यायचं होतंत!"

वकिलाने टोपण लावलं. परीक्षकांनी चष्मा काढून डोळे चोळले. माणूस वाईट नव्हता. पण नियमाच्या बाहेर पाय टाकायची सवय मोडून फार वर्षं झाली असावीत.

"सिस्टर, तुम्ही खोटं बोलताय असं मी म्हणत नाही. पण ही युक्ती आधीपासून होती, याला मला पुरावा लागतो. लेख, फोटो, एखादी नोंद. नुसत्या तोंडी सांगण्यावर मी यांचा अर्ज अडवू शकत नाही." मग, समजूत काढावी तसं, त्यांनी अर्जातल्या आकृत्यांची प्रत सिस्टरांपुढे सरकवली. "हे बघा. अखंड रेषेत जे काढलंय तेवढ्यावर यांचा दावा. तुटक रेषा नुसती समजायला असते, ती धरायची नाही."

सिस्टरांनी पहिली आकृती पाहिली. दुसरी पाहिली. तिसरीवर त्या थांबल्या.

तिसऱ्या आकृतीत एक डावा हात नळीचा वळसा धरून होता. नळी अखंड रेषेत, पट्टा अखंड रेषेत, हात तुटक रेषेत. त्या हाताची करंगळी मधल्या सांध्यापासून बाहेर वळलेली होती, बाकीच्या बोटांशी भांडण झाल्यासारखी.

दोन वर्षांपूर्वी कंपनीची दोन हुशार पोरं बारा दिवस वॉर्डात येऊन बसली होती. सिस्टर, परत एकदा दाखवा ना, म्हणत त्यांनी फोटो काढले होते. सिस्टरांनी त्यांना स्वतःच्या थर्मासमधला चहा पाजला होता. आकृती काढणारा मात्र कामाला चोख निघाला. समोरच्या फोटोत होतं तसंच, इमानेइतबारे, त्याने सगळं गिरवलं होतं.

सिस्टरांनी आपला डावा हात कागदावर आकृतीशेजारी ठेवला. लहानपणी दारात चेमटलेली ती करंगळी मधल्या सांध्यापासून बाहेर वळलेली होती.

परीक्षकांनी चष्मा परत लावला. आकृतीकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं. पुन्हा आकृतीकडे पाहिलं.

वकीलही वाकला. त्याने आकृतीवर बोट टेकवलं. "साहेब, हात तुटक रेषेत आहे. हात आमच्या दाव्यात नाही."

"नाहीच ना!" सिस्टर म्हणाल्या, आणि इतका वेळ धरून ठेवलेला आवाज फुटला. "चहा चालला, युक्ती चालली, फोटो चालला. हात तेवढा चालला नाही. तो नुसता समजायला!"

त्यांनी वकिलाच्या बोटांतलं पेन काढून घेतलं. तो नाही म्हणेपर्यंत त्यांनी आकृतीतली करंगळी गिरवायला घेतली होती. एकेक तुकडा दुसऱ्याला जोडत, सावकाश, सलाईनची सुई लावताना लागतो तेवढ्याच स्थिर हाताने. मग बाकीची चार बोटं, मग मनगट.

"साहेब, हे चालणार नाही," वकील म्हणाला. "याला पुरावा म्हणत नाहीत."

परीक्षकांनी ती प्रत आपल्याकडे ओढली. वरच्या कोपऱ्यात आजची तारीख घातली, खाली सही केली आणि मगच वकिलाकडे पाहिलं.

"हा हात कुणाचा," ते म्हणाले, "ते मला लेखी आणून द्या."