पाचशे प्रती 'तुफान'

१४ मे १९९१, संध्याकाळी सव्वासात. मांजर्लीतल्या हळदीच्या मांडवात धर्मराज म्हात्रे शिरला, तो चामड्याचं जाकीट घालून. घाम कोपरांवरून गळत होता. पण गायकाने चारचौघांत कसं दिसावं, हे त्याने ठरवून टाकलं होतं.

उल्हासनगर ते बदलापूर या पट्ट्यात मराठी रॉक अँड रोल गाणारा तो एकटाच. नऊ वर्षं गणेशोत्सवात मिमिक्री आणि बक्षीस समारंभ यांच्या मधली दोन गाणी त्याची. तेवढ्यात लोक वडापाव खाऊन येत. एरवी तो अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरीत लेथवर कामाला. जानेवारीत त्याने स्वखर्चाने कॅसेट काढली, 'तुफान'. पाचशे प्रती. परवा उल्हासनगरचा दुकानदार म्हणाला, "हीरो, सारा माल उठ गया. एक पीस नहीं बचा."

धर्मराजने घरी येऊन राजीनामा लिहिला. कारण : जनतेची मागणी.

"अहो, जरा थांबा," त्याची बायको अंजनी म्हणाली. "एका तरी घरी वाजताना ऐकू द्या. मग सोडा नोकरी."

तो थांबणार नव्हता. राजीनामा जाकिटाच्या आतल्या खिशात होता. सकाळी सातला द्यायचा.

मांडवात हळदीची गाणी लागली होती. एक गाणं संपलं आणि कर्ण्यातून धर्मराजचीच आरोळी फुटली. अकरा सेकंद. लगेच पुढचं हळदीचं गाणं.

तो स्पीकरवाल्या बबनकडे धावला. "ही कॅसेट कुठून आणलीस?"

बबनने ती काढून दाखवली. हळदीच्या चिठ्ठीखालून 'तुफान' डोकावत होतं.

"कोऱ्या कॅसेटी महाग पडतात, दादा. उल्हासनगरला कुणा येड्याच्या पाचशे पडून होत्या, सगळ्या उचलल्या. कॅसेटच्या कडेच्या खाचेवर चिकटपट्टी मारली की जुनं पुसून वरून हळदीची गाणी भरता येतात. मध्येच कुठेतरी पुसायचा राहतो तो."

तेवढ्यात नवरीची मावशी, कौसाबाई, पिवळ्या हातांनी पुढे आली.

"बबन, ती मघाची बोंब परत लाव रं. पोरींना नाचायला बरी पडते."

बोंब पुन्हा लागली. मग पुन्हा. एकूण सहा वेळा.

सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी राजीनामा कचेरीत दाखल झाला. कारण तेच, जनतेची मागणी. पुढे वेगळ्या शाईने 'सहा वेळा' एवढं वाढवलेलं होतं. त्यावर साहेबांची सही अजून झालेली नाही.