कावळा शिवला

बायकोच्या दहाव्याला मुकुंदराव घाटावर उभे होते, खिशातलं सिगारेटचं पाकीट मुठीत धरून. शालननं जन्मात सिगारेट ओढली नाही. फुफ्फुसाचा कॅन्सर मात्र तिलाच झाला. "घरात कोण ओढतं?" असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा ती खाली मान घालून बसली होती.

कावळा अडणार, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. तो अडला की पुढं व्हायचं, पाकीट पिंडापाशी चुरगाळायचं आणि म्हणायचं, "सोडली गं." लग्नानंतर किती वर्षं तिनं तेवढंच मागितलं होतं. पुढं तिनं बोलणंच टाकलं. यांनी काडी ओढली, की ती मुकाट उठून खिडकी उघडायची.

भटजी बाजूला झाले आणि कावळा लगेच पिंडाला शिवला.

"दादा, वहिनी तृप्त होऊन गेली," धाकटा भाऊ डोळे पुसत म्हणाला. "तिचं काही मागणं उरलं नव्हतं."

मंडळी हातपाय धुवायला वळली. मुकुंदरावांनी पाकीट बाहेर काढलं, चुरगाळलं. "सोडली गं," ते पिंडाकडं बघत म्हणाले.

कावळा केव्हाच उडून गेला होता.