गुडघ्यांचा दाखला

आमचा टपाल विभाग चौथ्या मजल्यावर आणि माझे गुडघे दोन वर्षांपासून संपावर. डॉक्टरांनी तपासून दाखल्यावर 'क्रॉनिक' असं लिहून दिलं. बदलीच्या अर्जाला तो दाखला जोडून मी तळमजल्यावर साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"क्रॉनिक म्हणजे?" साहेबांनी विचारलं.

"चिवट, जुनं दुखणं, साहेब. तीन महिन्यांच्या वर टिकलं की डॉक्टर तसं म्हणतात."

"फक्त तीन महिने?" साहेब हसले. "ताई, एवढ्याशाचा बाऊ करायचा नसतो. जिने चढूनच दुखतं ना? मग लिफ्ट सुरू झाली की प्रश्न मिटला."

"पण लिफ्ट सहा वर्षं बंद आहे!"

"तात्पुरती बंद आहे," साहेबांनी माझी चूक दुरुस्त केली. "तात्पुरत्या अडचणीसाठी कायमची बदली कशी देऊ?"

अर्जावर तसाच शेरा मारून त्यांनी तो माझ्या हातात दिला. मनातल्या मनात त्यांचा उद्धार करत मी जिन्याकडे निघाले.

जिन्याशेजारीच लिफ्ट. तिच्या दारावरची कागदी सूचना दर दोन महिन्यांनी फाटायची आणि आमचे म्हातारे शिपाईकाका नवी चिकटवायचे. आज मात्र ते हातात स्क्रू घेऊन उभे होते.

"कायमची कटकट मिटली बघा, ताई," ते म्हणाले. "साहेबांनी स्वतः लक्ष घालून करून घेतलं."



'लिफ्ट तात्पुरती बंद आहे' ही पाटी आता पितळेची होती.