कोरड्या मीटरची टिकटिक

"नुसती ऐकत बसू नकोस गं, मोज!" ओढ्यात कमरेइतक्या पाण्यात प्रवाहाचा वेग मोजायचा मीटर धरून उभे असलेले बाबा हसत ओरडले. पाण्याने मीटरची चक्री एकदा फिरली, की काठावर लेकीच्या हेडफोनमध्ये एक टिक वाजे.

अचानक टिकटिक भराभर होऊ लागली. ओढा चढतोय, हे तिला कळलं. पण बाबा पुन्हा 'भित्री भागूबाई' म्हणून चिडवतील, म्हणून ती गप्प राहिली.

लोंढ्याने बाबांना नेलं. मीटर तेवढा हाती लागला.

महिन्याभराने तिने खुंटीवरचा तो मीटर पुसला आणि सहज हेडफोन कानाला लावला. चक्री कोरडी होती, जागची हलत नव्हती.

टिक. टिक.

टिकटिक वाढत गेली, मोजता येईना इतकी.

"बाबा," रिकाम्या खोलीत ती ओरडली, "पाणी वाढतंय, बाहेर या!"