परका साबण

नवरा वेल्डर, मी कापडं रंगवते. संध्याकाळी आम्ही दोघं एकाच बादलीत हात धुवायचो. त्याचं काळं, माझं निळं पाणी एक व्हायचं. हल्ली तो उशिरा यायचा, तेही हात धुऊनच. बोटांना परक्या साबणाचा वास. “कुठंतरी पाणी मुरतंय,” नणंद म्हणाली. सख्ख्या भावाबद्दल असं बोलते म्हणजे मुरतच असणार. मी त्याच्या मागावर गेले. तो कॉलेजच्या संध्याकाळच्या वर्गात शिरला. खिडकीतून पाहिलं, पोरासोरांत बसून उत्तरासाठी हात वर करत होता. जीव भांड्यात पडला. बाहेर येताच विचारलं, “चोरून कशाला?” “नापास झालो तर हसशील म्हणून.” “आणि साबण?” “सगळे नखांकडे बघतात गं.” घरी आल्यावर त्यानं तो साबण माझ्यापुढं धरला. “तूही वापर. तुझं निळंसुद्धा जाईल.” बाई असती तर झिंज्या उपटल्या असत्या. साबणाशी कसं भांडायचं?